चौक नको, कोनाडा रंगवा

पत्र

सप्रेम नमस्कार,

दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा विकला आणि आम्ही मांजलपूरला सातव्या मजल्यावर राहायला आलो. हॉलची एक भिंत अगदी कोरी आहे. चौदा फूट लांब, साडेनऊ फूट उंच, खिडकी नाही, पलीकडे बाथरूम. तिच्यावर वाड्याचा चौक हुबेहूब रंगवून घ्यावा असं माझ्या मनात आहे: ओटी, खांब, तुळशीवृंदावन, मागचा जिना. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की भिंत नाहीच, पलीकडे चौक आहे.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. त्यांचं मन इथे रमत नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. एका चित्रकाराने फोनवर त्याच्या कामांचे फोटो दाखवले, बघून थक्क झाले. चौरस फुटाला ४५० म्हणतो, म्हणजे साठ हजारांच्या घरात. त्यातले ४० हजार आधी मागतो. मुलगा म्हणतो, जुना फोटो डिजिटल वॉलपेपरवर छापून घेऊ, पाव किमतीत होईल. हे म्हणतात, "वाडा विकला ना? मग त्याचं चित्र कशाला?" सासूबाईंना विचारलं तर "तुम्हाला हवं ते करा" एवढंच. त्यांची तक्रार एकच असते, की चष्मा, जपमाळ, पंचांग ठेवायला इथे कोनाडा नाही, सगळं फ्रिजवर ठेवावं लागतं.

दिवाळीच्या आधी काम व्हावं अशी इच्छा आहे. काय करू?

क., मांजलपूर

उत्तर

प्रिय क. ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा भाव, वॉलपेपर, चित्रकार यांच्यातच घुटमळले. दुसऱ्यांदा फ्रिजपाशी थांबले. सासूबाई "तुम्हाला हवं ते करा" म्हणाल्या असं लिहिता आणि पुढच्याच ओळीत त्यांना काय हवंय ते तुम्हीच सांगून टाकता. त्यांनी चौक मागितलेला नाही. कोनाडा मागितलाय.

तरी आधी चौकाबद्दल बोलते, कारण तो तुमच्या मनात भरलाय आणि नुसतं "नको" म्हटलं तर तुम्ही मला सोडून त्या चित्रकाराचं ऐकाल.

भिंतच नाहीशी झाल्यासारखं वाटणारं चित्र एकाच जागेवरून खरं दिसतं. चित्रकार काम सुरू करताना एक जागा आणि डोळ्यांची एक उंची धरतो. मागे जाणाऱ्या सगळ्या रेघा, म्हणजे ओटीची कड, जिन्याचे कठडे, फरशीचे जोड, त्या उंचीवरच्या एका बिंदूकडे ओढतो. तिथे उभं राहा, चौक उघडतो. चार पावलं बाजूला सरका, खांब कलायला लागतात. रोमच्या सान्त इन्यात्सिओ चर्चमध्ये घुमट बांधायचा राहून गेला, तेव्हा आंद्रेआ पोझ्झो या चित्रकाराने १६८५ साली त्याच्या जागी सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवून वर बसवला. कुठे उभं राहून बघायचं ते दाखवायला खाली जमिनीवर चकती बसवलेली आहे. तिथून घुमट भव्य दिसतो, पुढे चालत गेलं की तोच एका बाजूला पडल्यासारखा दिसतो. एवढ्या मोठ्या चित्रकारालाही प्रेक्षकाचे पाय खिळवून ठेवावे लागले.

आपल्याकडे संगीत नाटकांचे पडदे बघा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले महालाचे, रस्त्याचे पडदे लोकांना खरे वाटत, यात त्यांच्या कुंचल्याची करामत होतीच. पण प्रेक्षक तिकीट काढून ठरलेल्या खुर्चीवर बसलेला असे, पडद्यापासून लांब, तासन्‌तास, न हलता. तुमच्या हॉलमध्ये कोणी तसं बसणार आहे का? एक जण सोफ्यावर, एक जेवायच्या टेबलाशी, तुम्ही स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येताय.

आणि चालता चालता आणखी एक गोष्ट होते. खऱ्या चौकाशेजारून जाताना जवळचा खांब मागच्या वृंदावनावरून सरकत जातो. रंगवलेला खांब जागचा हलत नाही. डोळा हे लगेच पकडतो. काय चुकतंय ते आपल्याला सांगता येत नाही, पण फसवणूक फसलेली असते. चित्रातली खोली जितकी जास्त, तितका हा दोष मोठा. तुमचा चौक निदान वीस फूट मागे जायला हवा. कोनाडा त्यामानाने अगदी उथळ असतो. तो खरा असला तरी चालताना त्यात फारसं काही सरकत नाही, म्हणून रंगवलेला पटकन पकडला जात नाही. भिंतीवरचा भास जितका उथळ तितका टिकतो. खुंटी, टांगलेला कंदील, कमान असलेला कोनाडा, अर्धवट उघडी कपाटाची फळी. या कामात वर्षानुवर्षं डोळ्याला फसवत राहिलेल्या गोष्टी अशाच असतात.

फोनवरच्या फोटोंनी तुम्ही थक्क झालात त्याचं कारणही हेच. फोनला एकच डोळा, आणि चित्रकाराने त्याला नेमकं त्याच जागी उभं केलेलं. फोटोत असली चित्रं कधीच चुकत नाहीत.

उन्हाचंही असंच. भिंतीवर लावता येणारा सगळ्यांत उजळ रंग पांढरा. खोलीत जो उजेड पडेल त्यातलाच तो परत देतो, पदरचा काही घालत नाही. खऱ्या चौकात वरून पडणारं दुपारचं ऊन आणि हॉलमधला उजेड यांची बरोबरीच होत नाही. उघडं आकाश रंगवलेल्या भिंती संध्याकाळी दिवे लागले की कळकट दिसतात त्या म्हणूनच.

आता जरा कठीण बोलते. सासूबाईंची एका डोळ्याची नजर अधू आहे, वय ८१, घर नवं. हॉलच्या भिंतीवर जमिनीपासून उंबरठा, ओटी आणि जिना रंगवायचा म्हणजे त्यांना घरातच मयसभा बांधून देण्यासारखं आहे. दुर्योधन धडधाकट होता, तरी पाण्याला जमीन समजून भिजला आणि बंद दार उघडं समजून कपाळ आपटून बसला. तिथे हसायला पांडव तरी होते. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला सावरायला हॉलमध्ये कोणी नसतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या निवासांत बाहेरच्या दारावर मुद्दाम पुस्तकांचं कपाट वगैरे रंगवतात, म्हणजे दार ओळखू येत नाही आणि ती माणसं एकटी बाहेर पडत नाहीत. चित्राचा एवढा परिणाम होतो. सासूबाईंची स्मरणशक्ती उत्तम असेलही, पण अंधुक उजेडात अधू डोळा काय बघेल याचा भरवसा नाही. म्हणून कुठलंही चित्र करा, जमिनीपासून अडीच-तीन फुटांच्या वरच सुरू करा. आणि त्यात दार आणि पायरी नको.

आता कोनाडा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मला हे काम फार आवडतं.

आधी आई, म्हणजे तुमच्या सासूबाई, दिवसभर कुठे बसतात ते बघा. दिवाण असेल, खुर्ची असेल. त्यांना तिथे नेहमीसारखं बसवा आणि मोजपट्टीने जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंतची उंची मोजा. ठेंगण्या बांध्याच्या बाईची बसल्यावर नजर साडेतीन फुटांच्या आसपास येते. तो आकडा आणि भिंतीपासून त्यांच्या जागेचं अंतर कागदावर लिहून चित्रकाराला द्या. चौदा फुटांच्या चित्रात सगळ्यांना खूश ठेवणं जमत नाही, कोनाड्यात एका माणसाला ठेवता येतं. तेवढंच करायचं.

कोनाड्याचा तळ पावणेचार फुटांवर ठेवा. दोन फूट रुंद, वर कमान, सगळी उंची अडीच-पावणेतीन फूट. आईंची नजर तळाच्या जराशी खालीच असल्यामुळे बसल्या जागेवरून त्यांना तळाचा वरचा भाग दिसणार नाही, कमानीची आतली बाजू मात्र दिसेल. चित्रकाराला हे समजतं का, ही त्याची परीक्षा. ज्याला समजत नाही तो सवयीने तळ दाखवेल आणि कोनाडा पुढे ओतल्यासारखा दिसेल.

तळ दिसतच नाही म्हटल्यावर तो रंगवायचा कशाला? तिथे खरी लाकडी फळी ठोका, पाच-सहा इंच पुढे येणारी, जाडसर सागाची. मागची खोलगट भिंत, कमान, आतली सावली हे सगळं रंगाचं, फळी खरी. त्या फळीवर चष्मा ठेवा, जपमाळ ठेवा, पंचांग उभं करा. उभं राहून कोणी बघितलं तर फळीचा वरचा भाग दिसेल, आणि तो खराच असेल. खऱ्या वस्तू पुढे आल्या की मागचं रंगवलेलं अंतर डोळा आपोआप मान्य करतो. याच कारणासाठी खऱ्या दोन खुंट्यांच्या शेजारी तिसरी रंगवून घेण्याची गंमत करता येते. पाहुण्यांनी पिशवी अडकवायला हात नेला की तुमचे पैसे वसूल.

सावली कुठून येते यावर सगळं अवलंबून आहे. हॉलची गॅलरी कुठल्या हाताला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. डावीकडे असेल तर कोनाड्याची डावी बाजू आतून काळोखी आणि उजवी उजळ हवी. इथे मी स्वतः पोळलेली आहे. आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. जेवायच्या टेबलाजवळच्या भिंतीवर मी खोटी खिडकी रंगवून घेतली होती, बाहेर फुललेला बहावा. रंगवणाऱ्याने कुठलासा फोटो समोर ठेवून काम केलं. फोटोत ऊन डावीकडून होतं, आमची खरी खिडकी उजवीकडे. दुपारी टेबलावरच्या पेल्यांची सावली एका बाजूला आणि चित्रातल्या कुंडीची दुसऱ्या. पाहुणे "छान आहे" म्हणायचे आणि डोळे बारीक करून बघत राहायचे. शिवाय रंग ऑइल पेंटचा, चकचकीत. रात्री ट्यूबलाइट बरोबर बहाव्याच्या मधोमध चमकायची, आणि चमक आली की भिंत सपाट आहे हे लपत नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर बघते तर चित्रातल्या खिडकीच्या खालच्या चौकटीच्या वर चार बोटं चिखलाची रेघ, पाणसळ लावून मारावी इतकी सरळ. बागेत पाणी साचून ते खिडकीतून आत बघतंय असं वाटत होतं. त्या अख्ख्या चित्रात खरा वाटला तो तेवढाच भाग. दोन महिन्यांत ऑइल पेंटखाली फुगे आले, पोपडे सुटले, आणि मी सगळं खरवडून टाकलं.

तुम्ही सातव्या मजल्यावर आहात, विश्वामित्री तिथवर येत नाही. पण तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलेले शब्द म्हणजे "पलीकडे बाथरूम". त्यावर चित्रकार काहीच बोलला नाही? भिंतीत ओल असली की पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधले क्षार पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे खडे बनतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. ती पांढरी भुकटी तुम्ही वाड्यात पाहिली असेलच. रंग कितीही भारी असो, तो वरून टिकवता येत नाही. म्हणून जाड प्लॅस्टिकचे दोन फुटी चौकोन कापून भिंतीवर तीन-चार जागी लावा, त्यातला एक शॉवरच्या बरोबर मागे, खालच्या बाजूला. चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवस रोजच्यासारख्या आंघोळी होऊ द्या. मग काढून बघा. भिंतीकडच्या अंगाला दव जमलेलं असेल किंवा भिंत गडद झाली असेल, तर आधी बाथरूमच्या टाइल्सचे सांधे आणि नळाचं काम, मग भिंत सुकायला वेळ, आणि मग कला. ओल निघालीच तर मी तर म्हणेन, हॉलचीच दुसरी भिंत निवडा. कोनाडा चौक नव्हे, त्याला दोन-तीन फूट जागा कुठेही मिळते.

दिवाळीचा आग्रह सोडा. पावसाळ्यात भिंत भरपूर ओलावा पिऊन बसलेली असते, थंडी सुरू होईपर्यंत ती तो सोडत राहते. उत्तरायणाच्या आधी काम झालं तरी उत्तम.

सामानाचं थोडक्यात. जुना रंग सुटत असेल तर खरवडून, पुट्टी, घासणी, पाण्यात मिसळणारा प्रायमर, वर मॅट, म्हणजे न चमकणारं, इमल्शन. त्यावर चांगल्या प्रतीचे ॲक्रिलिक रंग. पोस्टर कलर नको, ओला फडका लागला की वाहतात. शेवटी संरक्षक थर हवा असेल तर तोही मॅटच. भिंतीचा मूळ रंग पांढराफटक ठेवू नका, जरा मातकट किंवा पिवळसर असू दे, म्हणजे कोनाड्यातल्या उजळ जागा उठून दिसतील. आणि रंग ठरवताना चित्रकाराला संध्याकाळी, तुमच्या हॉलचे नेहमीचे दिवे लावून, भिंतीवर वीतभर तुकडा रंगवून दाखवायला सांगा. दिवसा बरोबर वाटलेली सावली पांढऱ्या एलईडीखाली निळी पडते.

आता माणूस. बडोद्यात चित्रकार शोधायला लांब जावं लागत नाही, सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे आणि शिकून बाहेर पडलेले पुष्कळ जण शहरातच राहतात. पण चांगला चित्रकार आणि डोळ्याला फसवू शकणारा चित्रकार ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तुमच्या त्या चित्रकाराला सांगा, फोटो नकोत, दोन वर्षं जुनी एखादी भिंत प्रत्यक्ष दाखवा. गेलात की त्या भिंतीसमोरून चाला. खाली बसून बघा, तिरकं उभं राहून बघा, कोपऱ्यात पोपडे आहेत का पाहा, घरच्या बाईला हळूच विचारा की कामाच्या दिवसांत फरशीवर कापड अंथरलं होतं का. त्यावरून माणूस कळतो. मग त्याला एका फळकुटावर तुमच्या घरातली एक पितळी वाटी सावलीसकट रंगवायला सांगा आणि त्या वाटीचे वेगळे पैसे द्या. फुकट नमुना मागणं बरं नव्हे.

चौरस फुटाचा भाव कोनाड्याला लावू नका. दोनशे फूट आकाश भरणं आणि वाटीच्या कडेवरची चमक काढणं, यांचा एकच दर कसा असेल? सहा फुटांच्या कामाला ४५०ने सत्तावीसशे होतात आणि त्यात कोणी शहाणा माणूस चार दिवस घालणार नाही. अख्ख्या कामाचा एक आकडा ठरवा आणि तो फुटामागे महाग पडला तर पडू दे. एकूण खर्च चौकाच्या मानाने तरीही कमीच राहील.

साठातले चाळीस हजार आधी देणं मला पसंत नाही. दोन तृतीयांश पैसे हातात आले की राहिलेल्या कामाची ओढ कमी होते, हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात त्या चित्रकाराचा दोष नाही. प्रमाणात काढलेल्या कच्च्या चित्राचे पैसे वेगळे द्या, मग काम सुरू होताना एक तृतीयांश, अर्धं झाल्यावर एक, आणि शेवटचा काम पुरं होऊन आठवड्याने. तो आठवडा ठेवाच. रोज त्या भिंतीसमोर चहा प्यायलात की काय खटकतंय ते दिसतं. एका कागदावर माप, रंग कोण आणणार, चढायची घोडी कोणाची, किती दिवस, कच्च्या चित्रात किती बदल, वर्षभरात कुठे खरचटलं तर डागडुजी कोण करणार, एवढं लिहा आणि दोघांनी सह्या करा. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. त्यानुसार पैसे देऊन करून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, करून घेणाऱ्याचा असतो. चित्र आपलं म्हणून सांगण्याचा चित्रकाराचा हक्क मात्र राहतोच. त्याला कोपऱ्यात सही करू द्या. फक्त फळीच्या खाली करायला सांगा, कमानीत सही दिसली की भास गेला.

मुलाच्या वॉलपेपरबद्दल. भाड्याचं घर असतं तर मीच त्याला होकार दिला असता. पण जुना लहानसा फोटो चौदा फुटांवर ताणला की जवळून ठिपके दिसतात, पट्ट्यांचे सांधे कधी ना कधी उघडतात, आणि विनाइलचा कागद बाथरूमच्या भिंतीवर लावला तर आत कोंडलेल्या ओलीवर बुरशी धरते, तीही कागद सुटेपर्यंत कळत नाही. शिवाय खरचटलेली जागा कागदावर नीट करता येत नाही, रंगावर येते. त्याला नाराज करू नका, तो जुना फोटो मात्र मोठा करून चित्रकाराकडे द्या. त्यात कोनाड्यांची कमान दिसत असेल.

भिंतभर चित्राची तुमची हौस माझ्यामुळे मेली असं नको. भास नसलेलं मोठं चित्र हा वेगळा आणि माझ्या मते जास्त राजस प्रकार आहे. एखाद्या रविवारी आधी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, जा. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीरेचं आयुष्य, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा, महाभारताचं युद्ध. त्यांत भिंत फोडून पलीकडचं दाखवण्याचा हट्ट नाही. भिंत भिंतच राहते आणि तिच्यावरून गोष्ट वाहत जाते. म्हणून ती कुठूनही बघता येते, चालत चालत बघावी अशीच आहे. मग रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा चार मजली लाकडी वाडा. आज तो पुरातत्त्व खात्याकडे आहे. वरच्या मजल्यांवर चौकटी-चौकटींत बसवलेली चित्रं बघा, देवादिक, लढाया, दरबार. वाड्यात राहणाऱ्या माणसाने वाड्याचं चित्र काढून घेतलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात येईल. सासूबाईंनाही न्या, पण जिने उभे आहेत, त्यांचा गुडघा विचारून. खालूनच बघतील म्हणाल्या तर तेही चालेल.

राहिले तुमचे "हे". वाडा विकला, मग चित्र कशाला, असं म्हणणारा माणूस बहुधा वाडा विकताना सगळ्यांत जास्त सह्या करून आलेला असतो. त्यांच्याशी वाद घालू नका, कामाला लावा. कोनाडा किती रुंद होता, कमान टोकदार होती की गोल, लाकडी चौकट होती का, कडेचा चुना कुठल्या रंगाचा होता, हे त्यांना विचारा. लहानपणी त्यात विटी लपवलेली असणार. हाताने माप दाखवतील. तो हात मोजपट्टीवर धरा आणि आकडा लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र त्यांना विचारू नका, आईंनाच विचारा. वाड्यातल्या कोनाड्यात दिवा लागत असे तिथे वरच्या भिंतीवर काजळी चढलेली असते. ती कुठवर होती, सरळ होती की वाऱ्याने एका बाजूला झुकलेली, हे रोज वात सारणाऱ्या बाईलाच ठाऊक. चित्रकार गुळगुळीत, नवाकोरा कोनाडा काढेल, सगळेच काढतात. त्याला ती काजळी रंगवायला सांगा. पातळ, राखेच्या रंगाची, फळीपासून दीड वीत वर, आई म्हणतील त्या बाजूला झुकलेली.

आणि फळीसाठी ड्रिल मारायच्या आधी प्लंबरला बोलवा. त्या भिंतीत गरम पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे बिल्डरच्या नकाशात एक असतं आणि भिंतीत दुसरं.